अर्धी प्रदक्षिणा

शंकराचं जुनं देऊळ शोधायचं असेल तर आधी पाणी शोधावं. त्र्यंबकेश्वराला ब्रह्मगिरी आहे, गोदावरी आहे, कुशावर्त आहे. भीमाशंकराजवळ भीमा उगम पावते. खिद्रापूरच्या कोपेश्वराला कृष्णेची सोबत आहे. हरिश्चंद्रगडावर तर केदारेश्वराची पिंडच गुहेत, कमरेएवढ्या गार पाण्यात. पिंडीला हात लावायचा तर आधी कुडकुडत पाण्यात उतरावं लागतं. विष्णूला दागिने आवडतात आणि शंकराला अभिषेक, असं जुनी माणसं म्हणायची. रेशमी वस्त्रं आणि सोन्याचे मुकुट कुठूनही आणता येतात. पाणी मात्र जवळ असावं लागतं, रोज असावं लागतं.

अंबरनाथच्या शिवालयालाही नदी आहे. वालधुनी तिचं नाव. पण स्टेशनापासून देवळापर्यंतच्या वाटेवर ते नाव क्वचितच कानावर पडतं. ‘नाल्याजवळ सोडतो’ असं रिक्षावाला सांगतो आणि आपल्यालाही त्यात काही खटकत नाही.

या देवळाला मी बहुतेक वेळा मावशीबरोबर जाते. ती डोंबिवलीची. श्रावणातला सोमवार आला की तिला अंबरनाथ आठवतं. डोंबिवलीतही शंकराची देवळं आहेत, चालत जाण्याजोगी. पण ‘तो जुना आहे गं’ एवढंच ती म्हणते, त्यापुढे तिचं स्पष्टीकरण जात नाही. सकाळची गर्दी मुंबईच्या दिशेने असते, त्यामुळे उलट्या दिशेच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात बसायला जागा मिळते. समोरच्या बाकावरही कुणाच्या मांडीवर बेलाच्या पानांची पिशवी असते, कुणाकडे पांढऱ्या फुलांचा पुडा. एखादी नवी सून पुरचुंडीत मूग घेऊन निघालेली असते. शिवामूठ वाहायची, पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्या सोमवारी मूग. या ओळखीच्या सामानात मावशीची एक प्लॅस्टिकची बाटली असते, घरून भरून आणलेली. नळाचं पाणी. म्हणजे उल्हास नदीचं, कारण कल्याण-डोंबिवलीच्या नळांना पाणी उल्हास नदीतून येतं. एका नदीचं पाणी बाटलीत घालून, रेल्वेने, दुसऱ्या नदीच्या काठावरच्या देवाला न्यायचं. मावशीला यात विचित्र काही वाटत नाही. मलाही बराच काळ वाटलं नव्हतं.

कल्याणहून पुढची ही रेल्वे १८५६ पासूनची. तिच्या मागोमाग कारखाने आले: काडेपेट्यांचा आला, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला, मग रसायनांचे आले. फाळणीनंतर शेजारच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती बसली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. या साऱ्या घडामोडींत देऊळ होतं तिथेच राहिलं. स्टेशनच्या पूर्वेला, दुकानांच्या पाट्या, क्लासेसच्या जाहिराती आणि इमारतींच्या गच्च्या यांच्या गराड्यातून रिक्षा वळते आणि समोर एकदम काळा दगड येतो.

हा दगड आपल्याच मातीतला, सह्याद्रीचा. कोरायला अवघड, चिवट. संगमरवरासारखा तो चमकत नाही, सावली मात्र छान धरतो. इथल्या कारागिरांनी ते ओळखलं असावं, कारण या देवळाची भिंत सरळ अशी जातच नाही. वीत-दोन वीत गेली की ती बाहेर येते, पुन्हा आत वळते, पुन्हा बाहेर. प्रत्येक कोपऱ्यावर उजेडाचा वेगळा पट्टा आणि त्याच्या शेजारी सावलीचा. सकाळी पाहिलेली भिंत दुपारी वेगळी दिसते. या घड्याघड्यांतून गजासुराला मारणारा शिव आहे, चामुंडा आहे, ब्रह्मदेव आहे, आपापल्या नादात उभ्या असलेल्या सुरसुंदरी आहेत. साडेनऊशेहून अधिक पावसाळ्यांनी त्यांची नाकं-डोळे पुसट केलेत. कोकणातला पाऊस सह्याद्रीच्या दगडालाही मऊ करतो. तरी अंगाची वळणं, पायाची ठेवण, कमरेला दिलेला झोल हे सगळं अजून ताठ आहे. चेहरे गेले तरी माणसं चालीवरून ओळखू यावीत, तसं.

जाणकार या बांधणीला भूमिज म्हणतात. शिखरावर चार बाजूंना वरून खाली उतरणारे चार पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. ही रीत माळव्यातली, परमारांच्या मुलखातली. तिथलं नावाजलेलं भूमिज देऊळ म्हणजे उदयपूरचं उदयेश्वर. ते पूर्ण झालं १०८० मध्ये, म्हणजे अंबरनाथनंतर वीस वर्षांनी. माळव्याची रीत घाट उतरून कोकणच्या तोंडाशी आली आणि इथल्या काळ्या दगडात रुजली. आपल्याकडे जुनं दगडी देऊळ दिसलं की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. तो जन्मायच्या कितीतरी आधी अंबरनाथला पूजा सुरू होती.

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली मंडळी सरकारी खर्चाने इथे येऊन राहिली. त्यांनी चित्रं काढली, छायाचित्रं घेतली, शिल्पांचे साचे घेतले. मला त्या तरुण विद्यार्थ्यांचं कुतूहल वाटतं. युरोपी पुतळ्यांच्या प्रतिकृतींवर हात बसवणाऱ्या त्या पोरांना ओल्या भिंतीसमोर बसून एकेक कंगोरा मोजावा लागला असेल. आपल्या काळात कुमुद कानिटकरांनी या एका देवळावर अख्खा ग्रंथ लिहिला. इतकं बघण्यासारखं त्या भिंतीत आहे. मीही बघत राहते, मावशीला बोलावते, ‘हे बघ ना’ म्हणते. ती रांगेतली जागा सोडत नाही. ‘तू बघ,’ ती म्हणते, ‘दोघींतली एक रांगेत हवी.’

देवळाला तारीख आहे, आणि ती देवळावरच कोरलेली आहे. उत्तरेच्या दाराच्या आतल्या बाजूला, वर तुळईवर, सहज नजर जाणार नाही अशा जागी तो शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा त्यांना शक ७८२ दिसला, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा वाचला आणि पहिला आकडा सातचा नसून नवाचा आहे असं सांगितलं. शक ९८२, इसवी सन १०६०. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. शिष्याने गुरूचं वाचन दुरुस्त केलं आणि एका आकड्याच्या फरकाने देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं. शिलाहार घराण्यातल्या छित्तराजाने काम सुरू केलं आणि त्याचा धाकटा भाऊ मुम्मुणी याच्या कारकिर्दीत ते पुरं झालं, हा हिशेब त्यातूनच पक्का झाला.

मला हे सगळं रोमांचक वाटतं. पण त्याच दाराखालून माणसं नऊ शतकं ये-जा करत होती आणि बहुतेकांना तो लेख दिसतही नव्हता. त्यांच्याकडे दुसरी हकिगत होती: वनवासात असताना पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला, उजाडलं, आणि शिखर अर्धंच राहिलं. शिखराचा वरचा भाग खरोखरच नाही. गाभाऱ्यातून मान वर केली की आभाळ दिसतं. देऊळ का अपुरं, याचं उत्तर गोष्टीने देऊन टाकलं आणि लोकांचं काम चाललं. महाराष्ट्रात किती देवळं, किती लेणी पांडवांच्या नावावर जमा आहेत! राजांची नावं विसरली गेली की आपल्याकडे पांडव येऊन जबाबदारी घेतात. याला मी आधी अडाणीपणा समजायचे. आता वाटतं, लेख वाचणारं कुणी उरलं नव्हतं त्या काळात देऊळ या गोष्टीनेच राखलं. पांडवांनी बांधलेलं देऊळ मोडून त्याचे दगड घराच्या जोत्याला लावायची हिंमत सहसा होत नाही.

पश्चिमेच्या मुखमंडपात नंदी आहेत. तिथून आत शिरलं की सभामंडपाचे खांब, वर घुमटीसारखं कोरीव छत. इथवर आपण नेहमीच्याच देवळात असतो. मग गाभाऱ्याचं दार येतं, आणि तिथून वीसेक पायऱ्या खाली जातात.

वर चढून देवाला भेटायची आपल्याला सवय असते. डोंगर चढायचा, पायऱ्या मोजायच्या, कळस दिसला की हात जोडायचे. इथे उलट आहे. जेवढी कला आहे ती वर आणि बाहेर; देव खाली, जमिनीच्या पोटात. प्रत्येक पायरीवर काहीतरी मागे राहतं. आधी उन्हं राहतात, मग खांबांवरची नक्षी, मग बाहेरचा गलका. खाली पोचलं की ओली फरशी, बेलाचा आणि दुधाचा वास, अगदी बुटकी स्वयंभू पिंड, आणि डोक्यावर खूप उंचावर आभाळाचा एक तुकडा. शिल्पकारांनी बाहेर एवढा पसारा मांडला आणि देवाजवळ येताना एकही नक्षी उरू दिली नाही, हे मला या देवळाचं सर्वांत मोठं कसब वाटतं. पाऊस असला तर वरून चार थेंब थेट आत येतात. तेवढा एक अभिषेक कुणी आणून घालावा लागत नाही.

मावशी बाटलीचं झाकण फिरवते. गुरव ‘लवकर, लवकर’ म्हणत असतो, कारण मागे पायऱ्यांवर माणसं खोळंबलेली असतात. महाशिवरात्रीला तर इथे जत्रा भरते; मध्यरात्रीपासून रांगा लागतात, आणि त्या रांगेत आगरी घरांतल्या आज्या असतात, उल्हासनगरची सिंधी कुटुंबं असतात, कारखान्यांत पाळी करणारे उत्तर भारतीय कामगार असतात, कॉलेजची पोरं असतात. मावशी पाणी घालते ते धार न तोडता. उल्हास नदी पिंडीवरून शाळुंकेत उतरते, तिथून कडेला, आणि दिसेनाशी होते. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे असतं त्याला भक्ती म्हणावं की काम नीट झाल्याचं समाधान, मला ठरवता येत नाही. कदाचित तिच्या पिढीत या दोहोंत फारसं अंतर नव्हतं.

वर आल्यावर प्रदक्षिणा. आणि इथे तिचा एक नियम आहे. देवळाला डाव्या अंगाने वळसा घालत ती उत्तरेच्या बाजूला येते, एका ठरावीक जागी थांबते, हात जोडते आणि आल्या वाटेने मागे फिरते. पूर्ण फेरी ती घालत नाही. ‘शंकराची प्रदक्षिणा अर्धीच,’ ती सांगते. ‘त्याच्या अंगावरून आलेलं पाणी ओलांडायचं नाही.’ शंकराच्या सगळ्याच देवळांत हा नियम जुनी माणसं पाळतात: अभिषेकाचं पाणी ज्या वाटेने बाहेर पडतं तिथवर जायचं आणि परतायचं. अंबरनाथला जमिनीखालच्या त्या गाभाऱ्यातलं पाणी नेमकं कुठून बाहेर जातं, हे बघायच्या भानगडीत ती पडत नाही. पाणी आहे, ते देवाला लागून आलंय, म्हणून पाय थांबला पाहिजे. एवढं तिला पुरतं.

हा नियम मला आपल्या साऱ्या कर्मकांडातला सर्वांत शहाणा नियम वाटतो. देवाला ओलांडू नये, हे कुणीही सांगेल. देवाकडून वाहून जाणाऱ्या, आता कुणाच्याच उपयोगाच्या नसलेल्या पाण्यालाही ओलांडू नये, हे सांगायला वेगळी समज लागते. वापरून झालेल्या पाण्याचाही मान असतो, ते पुढे कुठेतरी जाणार आहे याची आठवण ठेवायची असते. ज्यांनी हे ठरवलं ती माणसं नदीच्या काठावर राहत असणार. त्यांच्या देवळाचं पाणी नदीत जात असणार आणि खालच्या अंगाला दुसरं गाव तेच पीत असणार.

मागे फिरून आम्ही आवाराच्या कडेला येतो आणि तिथे वालधुनी असते. मावशी एका हाताने पदर नाकाला लावते आणि दुसरा हात कपाळाशी नेते. दोन्ही एकदम.

ही नदी येते काकोळे गावाकडच्या डोंगरांतून. तिथे जुन्या रेल्वे कंपनीने बांधलेला तलाव आहे, वाफेच्या इंजिनांच्या काळातला; पावसाळ्यात त्याच्या भिंतीवरून पाणी ओसंडतं तेव्हा आसपासची पोरं तिथे भिजायला जातात. म्हणजे नदी जन्मते तेव्हा ती धडधाकट असते. तिथून देवळापर्यंत अंतर थोडं. तेवढ्यात तिच्यात सांडपाणी मिसळतं, कारखान्यांचं पाणी मिसळतं, आणि देवळाजवळ ती येते तेव्हा तिला रंग असतो, फेस असतो, वास असतो. पुढे उल्हासनगरात कपडे रंगवणाऱ्या कारखान्यांनी तिला वर्षानुवर्षं निळी-काळी केली. २०१४ मध्ये उल्हासनगरजवळ टँकरमधून या पाण्यात रसायन ओतलं गेलं आणि श्वास कोंडलेल्या शेकडो माणसांना इस्पितळात न्यावं लागलं. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांचं प्रकरण हरित लवादाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी वालधुनी कल्याणला उल्हास नदीच्या खाडीला मिळते. मावशीने बाटलीतून आणलेलं पाणी असं फिरून पुन्हा आपल्या नदीला भेटतं. जाताना ते कसं होतं आणि पोचताना कसं, हा भाग वेगळा.

आवारात पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. हे राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे, त्याला इजा केली तर शिक्षा आहे. कायदा सांगतो की अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करायचं नाही आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटर परवानगीशिवाय काही करायचं नाही. कायदा चांगलाच आहे. तो नसता तर मुखमंडपाला टेकून एव्हाना चार मजले उभे राहिले असते. पण त्या शंभर मीटरांतून नदी वाहते. तिथे एक वीट ठेवायला कागद लागतात, आणि वरून येणारं रंगीत पाणी मात्र कुणाला न विचारता आत येतं आणि न विचारता बाहेर जातं. दगडाला राखणारा कायदा आहे. देवाला राखणारी मावशी आहे, तिच्यासारख्या हजारो आहेत. नदी या दोघांच्या मधून निसटली.

आणि वयाचाच मान असेल तर या आवारातली सर्वांत जुनी गोष्ट देऊळ नाही. शक ९८२ मध्ये मुम्मुणीची माणसं इथे दगड घडवत होती तेव्हा त्यांनी तहान याच पाण्यावर भागवली असेल, टाक्यांना पाणी इथलंच दिलं असेल. छित्तराजाने ही जागा निवडली तेव्हा इथे देऊळ नव्हतं, नदी होती. तीर्थयात्रा म्हणून आपण जिथे जिथे जातो तिथे मुळात पाण्याला गेलेली माणसं होती. देव नंतर त्यांच्या शेजारी येऊन राहिला. आपण देवाला धरून ठेवलं आणि त्याला इथे आणणाऱ्या पाण्याला नाला म्हणू लागलो.

परतीच्या गाडीत मावशीला विचारलं, ‘त्या नदीचं पाणी घालता आलं असतं तर?’ ती म्हणाली, ‘माझ्या सासूबाई घालायच्या. त्या बाटली नाही न्यायच्या, रिकामा तांब्या न्यायच्या.’ मग ती खिडकीबाहेर न बघता पिशवीतला प्रसाद शेजारच्या बाईला देऊ लागली. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या डोक्यात तो रिकामा तांब्या राहिला. रिकामा तांब्या घेऊन घरातून निघायला काठावर पाणी असेल असा भरवसा लागतो. लेखाची तारीख आम्ही दुरुस्त केली, शैलीचं नाव ठरवलं, हद्दीचे मीटर मोजले, आणि तो भरवसा एका पिढीत घालवून बसलो.

मला देवळाच्या जीर्णोद्धाराबद्दल काही सुचवायचं नाही. पुसट झालेले चेहरे नव्याने कोरू नयेत, शिखराचा वरचा भागही कुणी पुरा करू नये. आभाळ तिथे चांगलं दिसतं. मात्र अर्धी प्रदक्षिणा जिथे थांबते तिथून पुढे एक काम आहे. ज्या पाण्याला पाय लावायचा नाही असं आपण लहानपणी शिकलो ते देवळाच्या भिंतीपाशी संपत नाही. ते काकोळ्यापासून येतं आणि कल्याणच्या खाडीपर्यंत जातं, आणि नियम त्या सगळ्या लांबीला लागू आहे: कारखान्याच्या मागच्या दाराला, नगरपालिकेच्या गटाराला, आणि बेलफुलांसकट प्लॅस्टिकची पिशवी पुलावरून खाली सोडणाऱ्या आमच्यासारख्या भाविकांनाही. जीर्णोद्धार करायचाच असेल तर तो खालून, पाण्यापासून करावा लागेल. आणि ते काम एका रात्रीत व्हायचं नाही. पांडव आले तरी नाही.